सांबरा ते ओझर : अंतर किती, वेळ किती आणि आकडे वेगवेगळे का

निपाणीच्या एका शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या बहात्तर वर्षांच्या आईला बेळगावहून नाशिकला, मुलाकडे, विमानाने पाठवायचे आहे. सांबरा आणि ओझर या दोन विमानतळांमधले अंतर पाहायला गेल्यावर त्यांना चार निरनिराळे आकडे मिळाले : २५९, २९८, ४८० आणि ५५०. वेळेचेही तीन मिळाले : ३६ मिनिटे, ५० मिनिटे आणि १ तास. यांतला खरा कोणता, आणि निपाणीकराला कोल्हापूरचा विमानतळ जवळ असताना सांबऱ्याला जाण्यात अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बेळगाव तालुक्यातलाच आहे. विमान कंपन्यांच्या उड्डाण नियोजन विभागात, ज्याला आमच्याकडे सगळे डिस्पॅच म्हणतात, मी बावीस वर्षे काम केले आणि त्या काळात छोट्या-मोठ्या विमानतळांमधल्या अंतरांचे व वेळांचे हिशेब रोजच हाताखालून गेले. त्या अनुभवावरून आधी एवढे सांगतो की शिक्षिकाबाईंना मिळालेले सातही आकडे बरोबर आहेत. त्यांतला प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, आणि कोणता आकडा कशाचा हे कोणी सांगत नसल्यामुळे सगळा गोंधळ होतो.

अंतरापासून सुरुवात करू. ४८० हे सांबऱ्याच्या धावपट्टीपासून ओझरच्या धावपट्टीपर्यंतचे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सरळ अंतर आहे, किलोमीटरमध्ये. २९८ हे तेच अंतर जमिनीवरच्या मैलांमध्ये आणि २५९ हे तेच अंतर नॉटिकल मैलांमध्ये. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक अंतर नॉटिकल मैलांतच बोलतात, कारण अक्षांशाचा एक अंश साठ कलांचा असतो आणि एक कला म्हणजे जवळजवळ एक नॉटिकल मैल, त्यामुळे नकाशावरून अंतर थेट वाचता येते. ५५० हे बेळगावहून कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे, संगमनेर, सिन्नर अशा वाटेने नाशिकपर्यंतचे रस्त्याचे ढोबळ अंतर आहे. एकाच प्रवासाचे हे आकडे एकाखाली एक, एकक न लिहिता, छापले की वाचणाऱ्याला ते एकमेकांविरुद्ध साक्ष देत आहेत असे वाटते.

४८० हा आकडा कोणाच्या भरवशावर घेण्याचीही गरज नाही, तो वहीच्या पानावर काढता येतो. सांबरा सुमारे १५.८६ अंश उत्तर आणि ७४.६२ अंश पूर्व येथे आहे. ओझर सुमारे २०.१२ अंश उत्तर आणि ७३.९१ अंश पूर्व येथे. अक्षांशांतला फरक ४.२६ अंश. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर झाले ४७३ किलोमीटर. रेखांशांतला फरक ०.७१ अंश. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून उत्तरेकडे जाऊ तसा आखूड होत जातो. आपल्या १८ अंशांच्या आसपास तो १११ला ०.९५ने गुणून येणारा, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरचा धरावा. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर झाले ७५ किलोमीटर. आता सातवी-आठवीतला काटकोन त्रिकोण आठवावा : ४७३ आणि ७५ या बाजू, कर्ण काढला की ४७९ येतात. एवढ्या अंतरासाठी पृथ्वी सपाट धरली तरी फार तर किलोमीटर-दोन किलोमीटरचा फरक पडतो. शिक्षिकाबाई गणित शिकवत असतील तर वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. मुले स्वतःच्या गावापासूनचे अंतर काढू लागली की त्यांचे लक्ष फळ्यावरून हटत नाही, हे मी पाहिलेले आहे.

इथेच एक बारीक चूक अनेकदा होते. काही ठिकाणी गावापासून गावापर्यंतचे अंतर मोजलेले असते, आणि बेळगाव शहराच्या मध्यापासून नाशिक शहराच्या मध्यापर्यंत ते सुमारे ४६८ किलोमीटर भरते. वरचे बारा किलोमीटर कुठून आले? सांबरा हे शहराच्या पूर्वेला, बागलकोटच्या रस्त्यावर, दहा-बारा किलोमीटरवर आहे. ओझर नाशिकच्या ईशान्येला, आग्रा रस्त्यावर, वीसेक किलोमीटरवर. दोन्ही टोके शहरांच्या बाहेर असल्याने रेघ लांबते. दोन्हींना कारणेही आहेत. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिशांच्या वायुदलासाठी तयार झाली, १९६१च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत ती वापरली गेली आणि आजही तिच्या शेजारी भारतीय वायुदलाची प्रशिक्षण शाळा आहे. ओझर हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, मिग विमानांच्या कारखान्याचे गाव. ही दोन्ही ठिकाणे प्रवाशांच्या सोयीसाठी निवडलेली नव्हती. प्रवासी तिथे मागाहून आले.

पण विमान ४८० किलोमीटरच उडते का, तर नाही. ही सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती हिडकल जलाशयावरून, संकेश्वर व हुक्केरीच्या मधून, निपाणी व चिकोडीच्या मधून इचलकरंजीजवळ जाते, पुढे विट्याच्या पश्चिमेकडून, जेजुरीच्या किंचित पूर्वेकडून आणि शिक्रापूरजवळून सिन्नरला पोहोचते. म्हणजे पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून ती जेमतेम पंचवीस किलोमीटर पूर्वेला राहते. लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे आणि त्याच्या भोवतीचे आकाश प्रवासी विमानाला हवे तेव्हा, हव्या त्या उंचीवर मिळतेच असे नाही. शिवाय विमानाला ठरलेल्या हवाई मार्गांवरून, ठरलेल्या बिंदूंना स्पर्श करत जावे लागते. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेने थोडे पुढे जाऊन वळावे लागते. उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळण घ्यावे लागते. या सगळ्यांसाठी मी सरळ अंतरावर पाच ते दहा टक्के वाढ धरत असे. सांबरा–ओझरसाठी ती सात टक्के धरली तर प्रत्यक्ष उडायचे अंतर सुमारे ५१५ किलोमीटर होते. पुढचा हिशेब मी याच आकड्यावर करतो.

आता वेळ, आणि खरा विषय हाच आहे.

३६ मिनिटे हा आकडा ४८०ला ताशी ८०० किलोमीटरने भागून आलेला आहे. भागाकार बरोबर आहे, पण असे विमान अजून बनायचे आहे जे सांबऱ्याच्या धावपट्टीवर ८००च्या वेगाने उभे असते आणि ओझरच्या धावपट्टीवर त्याच वेगाने थांबते. जेट विमान हा वेग फक्त उंचावर, सपाट उड्डाणात गाठते. त्याआधी चढायचे असते, त्यानंतर उतरायचे असते, आणि १०,००० फुटांच्या खाली वेग साधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या, आत ठेवायचा असतो. छोट्या मार्गावर प्रवासाचा मोठा वाटा या चढण्या-उतरण्यातच जातो.

समजा या मार्गावर पन्नास आसनी एम्ब्रेअर १४५ किंवा त्याहून थोडे मोठे एम्ब्रेअर १७५ विमान आहे आणि ते ३०,००० फुटांवर जाणार आहे. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून २,४८७ फूट उंच असल्याने चढायचे साडेसत्तावीस हजार फूट राहतात. त्याला सुमारे १५ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात विमान दीडशे किलोमीटर पुढे गेलेले असते, म्हणजे कराडच्या आग्नेयेला. उतरण्यासाठी आमचा एक जुना ठोकताळा आहे : जितके हजार फूट खाली यायचे त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचे. ओझर सुमारे २,००० फूट उंच, म्हणजे यायचे २८,००० फूट खाली. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी, ८४ नॉटिकल मैल म्हणजे १५५ किलोमीटर. चाके खाली सोडून, पंखांचे पडदे उघडून सावकाश यायची शेवटची दहा किलोमीटर धरली तर उतरण्यात १६५ किलोमीटर आणि सुमारे २० मिनिटे जातात. ५१५मधून दीडशे आणि एकशे पासष्ट वजा केले की सपाट उड्डाणाला उरतात फक्त २०० किलोमीटर, आणि ती ८००च्या वेगाने १५ मिनिटांत संपतात. पंधरा, पंधरा आणि वीस, अशी झाली ५० मिनिटे. हा शिक्षिकाबाईंना मिळालेला दुसरा आकडा. चाके जमिनीवरून उचलल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचा हा वेळ आहे.

तिसरा आकडा, १ तास, तिकिटावरचा आहे. विमानाच्या चाकांखाली लावलेले अडथळे, ज्यांना विमानतळावर सगळे चोक म्हणतात, ते काढून विमान हलते तेव्हापासून पलीकडे थांबून चोक पुन्हा लागेपर्यंतचा हा वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. जमिनीवर धावपट्टीपर्यंत चालत जाण्याची आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत परत येण्याची मिळून दहा मिनिटे ५०मध्ये मिळवली की तास पुरा होतो. वेळापत्रक बनवणारे यावर थोडी सैल जागाही ठेवतात, कारण ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर आले असे मोजले जाते आणि कोणत्याही कंपनीला आपला वक्तशीरपणा कमी दिसलेला चालत नाही. म्हणून तिकिटावर १ तास ५ किंवा १ तास १० मिनिटे दिसली तर विमान हळू आहे असे समजू नये.

याच मार्गावर पंख्याचे एटीआर ७२ विमान असते तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या भागात ही विमाने पुष्कळ येतात. त्याचा उंचावरचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, जेटपेक्षा तब्बल ३०० कमी. मग वेळ किती वाढावा? ते सोळा-अठरा हजार फुटांपर्यंतच चढते, त्याला १५ मिनिटांत ९५ किलोमीटर लागतात. उतरायला १५ मिनिटे व ११० किलोमीटर. मधली ३१० किलोमीटर ३७ मिनिटांत. धावपट्टीच्या रेषेत येण्याची चार मिनिटे आणि जमिनीवरची दहा धरली तरी १ तास २० मिनिटांच्या आसपास विमान ओझरला लागते. वेगात एवढी तफावत असूनही फरक वीसेक मिनिटांचाच. शिवाय एटीआरला इंधन बरेच कमी लागते, आणि चारशे-पाचशे किलोमीटरच्या आतल्या मार्गांवर कंपन्या ते पसंत करतात त्यामागचे गणित हेच आहे. लोक मला विचारतात, पंख्याचे विमान आहे, मग फार वेळ लागेल ना? आपल्याकडच्या अंतरांसाठी या प्रश्नाचे उत्तर नाही असेच द्यावे लागते.

यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. अंतर कमी म्हणजे वेळ कमी, असा नियम नाही. सांबऱ्याहून मुंबईचे सरळ अंतर ४०४ किलोमीटर, म्हणजे ओझरपेक्षा ७५ किलोमीटर कमी. तरीही तिकिटावर मुंबईचा वेळ नाशिकपेक्षा जास्त लिहिलेला असतो, आणि तो खराही असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी त्यांतली एकच वापरात राहते, आणि देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाची सगळी विमाने त्या एका पट्टीवर ओळीने उतरवावी लागतात. बेळगावहून गेलेले विमान पाऊण तासात मुंबईच्या दारात पोहोचते आणि मग रांगेत फिरत राहते. उतरल्यावर इमारतीपर्यंत जायलाच पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात. ओझरला ही रांग नाही. तिथे अडचण आली तर ती बहुधा कारखान्याच्या विमानांच्या चाचण्यांमुळे किंवा हवामानामुळे येते.

वाऱ्याचा परिणाम नाशिकच्या बाबतीत थोडा असतो. मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेला जातो आणि आपल्याकडचे उंचावरचे वारे बहुतेक पूर्व-पश्चिम वाहतात, म्हणजे ते कुशीवर येतात. ना फार ढकलतात, ना फार अडवतात. हैदराबादचे तसे नाही. सांबऱ्याहून हैदराबाद ४३४ किलोमीटर, जवळजवळ पूर्वेला. पावसाळ्यात एटीआरच्या उंचीवर पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ४० किलोमीटरचा धरला तर जाताना विमान जमिनीच्या हिशेबाने ५४०च्या वेगाने जाते आणि येताना ४६०च्या. तेवढ्यानेच जाण्या-येण्यात सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. पण इथे सांबऱ्याची धावपट्टी थोडी भरपाई करते. ती पूर्व-पश्चिम आहे, आणि विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडते व उतरते. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा असताना हैदराबादला निघालेले विमान आधी पश्चिमेला, बेळगाव शहराच्या दिशेला उडते आणि मग पूर्ण वळून पूर्वेची वाट धरते, त्यात तीन-चार मिनिटे जातात. परतताना मात्र ते पूर्वेकडून थेट धावपट्टीच्या रेषेतच येते आणि सरळ उतरते. वाऱ्याने जे दिले ते वळणाने काढून घेतले आणि जे घेतले ते सरळ उतरण्याने परत दिले, असा तो व्यवहार जवळजवळ फिटतो. नाशिकला जाणाऱ्या विमानाला कुठूनही उडाले तरी काटकोनातच वळावे लागते.

उन्हाळ्याबद्दल थोडे. एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंशांवर गेले की हवा विरळ होते आणि विमानाला सांबरा समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर नसून ५,८०० फुटांवर असल्यासारखा वाटतो. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढवली आणि २०१७च्या सप्टेंबरमध्ये नवी इमारत सुरू झाली, त्यानंतर मोठ्या विमानांची सोय झाली. त्याआधी अशा दुपारी वजनाचा हिशेब करताना आमची फार ओढाताण होई. वेळेत मात्र यामुळे एखाद-दुसऱ्या मिनिटाचाच फरक पडतो.

खरी मोठी गडबड पावसाळ्यातल्या ढगांची, आणि ती मला माझ्याच एका चुकीवरून सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका श्रावणी सकाळी, मुंबईहून सांबऱ्याला येणाऱ्या उड्डाणाचा आराखडा मीच केला होता. त्या विमानात खानापूरच्या एका नात्यातल्या गृहस्थांची सून व तान्हे बाळ होते. त्यांनी दूरध्वनीवर विचारले, किती वाजता या? मी कागदावरचा वेळ वाचून दाखवला. ते साडेसहालाच घरून निघाले, येऊन बसले. सह्याद्रीला लागून असल्यामुळे अशा सकाळी ढग सांबऱ्याच्या माळावर अगदी खाली उतरतात. कुंपणाची तार दिसते, पलीकडचे शेत दिसत नाही. विमान वर येऊन पंचवीस मिनिटे घिरट्या घालत राहिले. खाली वाट पाहणाऱ्यांना आवाज ऐकू येत होता, विमान दिसत नव्हते. शेवटी ते हुबळीला गेले. हवेतून ते अंतर फक्त ७५ किलोमीटर आहे, पण तिथून गाडीने सगळे बेळगावला यायला दुपारचे दोन वाजले. गृहस्थ मला काही बोलले नाहीत. ते तिथे सात तास बसून होते आणि मी त्यांना सांगितलेल्या वेळेत हवामानाचा एक शब्दही नव्हता, जरी माझ्याच आराखड्यात त्याचा हिशेब केलेला होता.

कारण प्रत्येक विमान निघताना केवळ पोहोचण्यापुरते इंधन घेत नाही. वाटेत लागणारे, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी थोडे, मुक्कामी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे, आणि तिथेही आणखी ३० मिनिटे हवेत राहता येईल एवढे, असे सगळे मिळून घ्यावे लागते. सांबऱ्याला पर्याय म्हणून हुबळी किंवा गोवा नेमता येते. म्हणजे विमान वळवले जाणे हा अपघात नसतो, तो आधीच लिहून ठेवलेला दुसरा मार्ग असतो. जून ते सप्टेंबरमध्ये सकाळच्या विमानाने कोणी येणार असेल तर न्यायला जाणाऱ्याने घरून निघण्यापूर्वी विमान निघाले का एवढेच पाहू नये, सांबऱ्याचे ढग उठले का हेही पाहावे.

अंतराचा संबंध खिशाशीही आहे, आणि तो कमी लोकांना ठाऊक असतो. केंद्राच्या उडान योजनेचे धोरण २०१६च्या ऑक्टोबरमध्ये आले आणि पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गावर उडाले. या योजनेत सवलतीच्या आसनांची भाड्याची मर्यादा अंतरावर ठरते. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे अंदाजे तासाभराच्या उड्डाणाला ती सुरुवातीला २,५०० रुपये होती. सांबरा–ओझर जवळजवळ याच मापाचा मार्ग आहे. बेळगाव उडानच्या तिसऱ्या फेरीत आले, आणि २०२१च्या जानेवारीत स्टार एअरने बेळगाव–नाशिक विमान सुरू केले. मात्र कंपनीला मिळणारी तुटीची भरपाई तीन वर्षांपुरती असते. ती संपल्यावर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर फेऱ्या कमी होतात किंवा बंद पडतात. त्यातच वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलते. म्हणून गेल्या दिवाळीत कोणी गेले होते, एवढ्यावर तिकीट गृहीत धरू नये. ज्या तारखेला जायचे त्या तारखेचे पाहावे आणि विमान थेट आहे ना, हे पहिल्यांदा पाहावे.

थेट आहे ना, यावर मी जोर देतो, कारण कधीकधी बंगळूरला बदलून नाशिकचे तिकीट पुढे येते. सांबऱ्याहून बंगळूर ४४५ किलोमीटर दक्षिणेकडे आणि तिथून ओझर ८७० किलोमीटर उत्तरेकडे, मिळून १,३०० किलोमीटरहून जास्त. उडण्याचा वेळ अडीच-तीन तासांचा असला तरी मधल्या थांब्यात दोन-तीन तास जातात आणि बहात्तर वर्षांच्या बाईंना त्या लांबलचक इमारतीतून एकटीने दार शोधावे लागते. त्यापेक्षा रात्रीची गाडी बरी.

आता कोल्हापूर. उजळाईवाडीचा विमानतळ ओझरपासून सरळ रेघेत सुमारे ३८६ किलोमीटर आहे, म्हणजे सांबऱ्यापेक्षा ९४ किलोमीटर जवळ. पण जेटला ही ९४ किलोमीटर तोडायला अवघी सात मिनिटे लागतात, एटीआरला अकरा. निपाणीकराने हवेतले अंतर मोजत बसूच नये, रस्त्याचे मोजावे. निपाणीहून उजळाईवाडी महामार्गाने ३५–४० किलोमीटर; सांबरा मात्र संकेश्वर, हत्तरगी, काकतीवरून बेळगाव ओलांडून ८५ किलोमीटरच्या आसपास. इथे पाऊण तासाचा फरक पडतो. रस्त्यावर एक किलोमीटर जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जेट तेरा किलोमीटर जाते. तेव्हा कोल्हापूरहून त्या दिवशी नाशिकचे थेट विमान असेल तर निपाणीकराने कोल्हापूरच धरावे. नसेल तर सांबऱ्याच्या थेट विमानाशी कोल्हापूरहून मुंबईमार्गे जाणाऱ्या तिकिटाची तुलनाही करू नये. खानापूर, बैलहोंगल, गोकाककरांना सांबराच सोयीचे, यात दुमत नाही.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब सांबऱ्यामार्गे असा होतो. निपाणीहून पावणेदोन तास. बहुतेक कंपन्यांची चेक-इनची खिडकी उड्डाणाआधी ४५ ते ६० मिनिटे बंद होते, म्हणून त्याच्याही थोडे आधी, सव्वा तास आधी पोहोचायचे. विमानाचा एक तास. उतरून सामान घ्यायला वीस मिनिटे, ओझरहून नाशिक शहरात पाऊण तास. सगळे मिळून पाच तास. रस्त्याने निपाणीहून नाशिक पावणेपाचशे किलोमीटर, चाकण व पुण्याची गर्दी धरून नऊ ते दहा तास. म्हणजे विमानाने वाचतात ते चार-पाच तास, आणि वयस्क माणसाच्या कंबरेला वाचतात ते धक्के वेगळेच. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी; चालता येत असले तरी मागावी, कारण सोबत येणारा कर्मचारी विमानाच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचवतो.

नाशिकच्या भावाला तिकिटावर लिहिलेली पोहोचण्याची वेळ सांगावी आणि बाहेरच्या दाराशी त्यानंतर वीस मिनिटांनी यायला सांगावे. आईंना मिळाल्यास डाव्या खिडकीची जागा घ्यावी. आकाश मोकळे असले तर उडाल्यावर पाचेक मिनिटांत हिडकलचे पाणी दिसेल, आणि वाट सरळ मिळाली तर पंचवीस मिनिटांच्या सुमारास जेजुरीचा गड डाव्या हाताला खाली राहील. जमल्यास त्यांनी चार वेळा टिपून ठेवाव्यात : विमान हलले ती, चाके उचलली ती, चाके टेकली ती आणि विमान थांबले ती. पहिल्या व चौथ्या वेळेतला फरक तासाच्या जवळ यावा, दुसऱ्या व तिसऱ्यातला ५० मिनिटांच्या. त्यांच्या हातचे ते चार आकडे मला कळवले तर वर केलेला हिशेब त्या दिवसाशी किती जुळला हे मी आनंदाने तपासून सांगेन.